साहेबाचं कुत्रं आणि पारध्याचा फासा

दोस्तहो, वन्यजीव संरक्षण कायद्याची जुनी प्रत कुठल्या वकिलाकडं असली तर मागून आणा. १९७२ सालची. नवी नको. नवीत कलम १७ नाही, १९९१ च्या दुरुस्तीत ते उडवलं. शिकार कशी करायची नाही, याची ती यादी होती. मोटारीतून करायची नाही. रात्री करायची नाही. वीष घालून करायची नाही. जाळं टाकून, फासा लावून करायची नाही. त्यासाठी वेगळा परवाना काढा. आणि कुत्रं घेऊन करायची नाही. पण कुत्र्याच्या बाबतीत एक अपवाद घातला होता. पाणपक्षी, चकोर, तितर आणि लावा. एवढ्या पाखरांमागं कुत्रं सोडलं तर चालेल.

हा अपवाद कुणाच्या सोयीचा होता?

तितराची शिकार कशी होते ते आपल्या घोडपदेवच्या पोरांना माहीत असायचं कारण नाही. आपण पाखरं बघतो ती गोदीच्या गोदामावरची कबुतरं. तितर हे माळावरचं पाखरू. उडायला आळशी, पळायला चपळ. झुडपात असं दबून बसतं की माणूस चार हातांवरून गेला तरी दिसत नाही. कुत्र्याला मात्र वास लागतो. पॉइंटर जातीचं विलायती कुत्रं वास आला की एक पाय उचलतं, नाक पुढं करतं आणि पुतळ्यासारखं उभं राहतं. साहेब बंदूक सावरत पुढं होतो, पाखरू भर्रकन उडतं, साहेब बार टाकतो. मग कुत्रं जाऊन पडलेलं पाखरू दात न लावता तोंडात धरून आणतं. याला खेळ म्हणतात. या खेळाला बंगला लागतो, कुत्र्याला फिरवायला नोकर लागतो, बंदुकीचा परवाना लागतो.

फासेपारधी काय करतो? कामट्यांना फास बांधतो. पूर्वी घोड्याच्या शेपटीच्या केसांचे, आता नायलॉनचे. बांधाच्या कडेनं ते ओळीनं रोवतो. शेजारी पिंजऱ्यात पाळलेला नर तितर ठेवतो. तो ओरडला की रानातला नर भांडायला धावत येतो आणि पाय अडकून बसतो. बार नाही, छर्रा नाही, जखमी होऊन काट्यात मरायला गेलेलं पाखरू नाही. कुत्रं त्याच्याकडंही असतं. पालाची राखण करतं, सशामागं, घोरपडीमागं पळतं. पण त्या कुत्र्याची वंशावळ कुणी लिहिलेली नसते.

पाखरू एक, माळ एक. कायद्यानं दोघांपैकी कुणाचं हत्यार सांभाळलं ते बघा. त्याच कायद्यात छोट्या शिकारीचा परवाना होता. तो देण्याची तरतूद १९९१ पर्यंत पुस्तकात राहिली. फासे लावायच्या परवान्याचीही होती म्हणा. पण परवान्याच्या अर्जावर पत्ता लिहावा लागतो, आणि पालाला पत्ता नसतो.

यावर कुणी शहाणा म्हणेल, १९९१ नंतर दोघांनाही बंदी आहे, मग आता रडता कशाला? बरोबर. बंदी दोघांना. साहेबानं बंदूक भिंतीवर टांगली, गळ्यात दुर्बीण अडकवली आणि तो पक्षीमित्र झाला. सकाळी माळावर जाऊन फोटो काढतो, दुपारी वर्तमानपत्रात लेख लिहितो. पारध्यानं फासा टाकला तर तो काय झाला? तो होता तोच राहिला, गुन्हेगार. आज तितर धरताना सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड.

ही वाटणी १९७२ ची नाही. १८७१ साली इंग्रजानं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मल्याबरोबर गुन्हेगार. पुढं त्या कायद्याचा फास आपल्या मुंबई इलाख्यातल्या पारध्यांच्या गळ्यात पडला. हजेरी आली, पास आला, सोलापूरला तारेच्या कुंपणातलं सेटलमेंट आलं. १८७१ नंतर आठच वर्षांनी, १८७९ पासून, हिंदुस्थानातल्या शिकारी पाखरांवर तीन जाडजूड खंड निघाले. तितर कुठं मिळतं, कधी मिळतं, कसं मारायचं, सगळं त्यात. लिहिणारे दोघे, मार्शल आणि ह्यूम. हा ह्यूम तोच, ज्यानं १८८५ साली काँग्रेस काढली. पाखरं मारून त्यांच्यावर ग्रंथ लिहिणारा राष्ट्रीय सभेचा जनक ठरतो. तीच पाखरं धरून पोरांना खाऊ घालणारा रोज संध्याकाळी चावडीवर अंगठा उठवतो.

१८८३ साली मुंबईत निसर्ग इतिहास मंडळ निघालं. त्याचं सुरुवातीचं बिऱ्हाड फोर्ब्स स्ट्रीटवरच्या फिप्सन साहेबाच्या दारूच्या दुकानात होतं. (आपल्या वस्तीत दारूच्या दुकानातून दुसरंच काही निघतं, ते असो.) सालिम अली याच मंडळात वाढले. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीनं चिमणी मारली, तिचा गळा पिवळा दिसला, म्हणून चौकशी करायला मंडळात गेले. साहेबानं कपाटं उघडून पाखरांची कातडी दाखवली आणि त्यातून जगातला मोठा पक्षीशास्त्रज्ञ घडला. माणूस थोर, त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझा हिशेब एवढाच आहे की पाखरू मारणाऱ्या एका पोराला कपाट उघडून मिळालं, आणि पाखरू धरणाऱ्या दुसऱ्या पोरावर कोठडीचं दार लावून घेतलं गेलं. दुसऱ्या पोराला पाखरांची माहिती कमी होती काय? पुढं याच मंडळानं पाखरांच्या पायात कड्या घालून अभ्यास केला, तेव्हा पाखरं जिवंत धरायला पिढीजात फासेकरीच बोलवावे लागले. पदवीवाल्यांना तितरासारखी शीळ घालता येत नव्हती.

आणि इंग्रजाच्या आधी काय रामराज्य होतं? मनूनं दहाव्या अध्यायात रानातली जनावरं मारायचं काम मेद, आंध्र, चुंचु, मद्गु यांच्यावर टाकलं. चांडाळानं गावाबाहेर राहावं, त्याचं धन म्हणजे कुत्री आणि गाढवं, हेही तिथंच. राजाला मात्र शिकारीचं व्यसन फार लावून घेऊ नको, एवढाच सल्ला. म्हणजे राजाचा तो छंद आणि गावाबाहेरच्याची ती जात. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे पुस्तक आपण जाळलं, त्यात पारध्याचंही पान होतं. हे आपण किती वेळा सांगतो?

कुत्र्याचंच पुढं ऐका. मुधोळच्या घोरपडे राजानं आपल्या भागातली शिकारी कुत्री इंग्लंडच्या राजाला भेट दिली. २००५ साली पोस्टानं त्या कुत्र्याचं तिकीट काढलं. २०२० साली पंतप्रधानांनी रेडिओवर त्याचं कौतुक केलं. चांगलं आहे, कुत्रं गुणी आहे. ते रानोमाळ ज्यांच्यासोबत पळालं त्या माणसांचं तिकीट कुठल्या पोस्टात मिळतं?

आता आपल्या घरातलं. आमचं मूळ गाव माण तालुक्यात. माझ्या आज्याचा बाप येसकर होता. आजा सांगायचा, साहेबाचा तंबू पडला की महारवाड्याला वेठ. लाकूड आणा, पाणी भरा, घोड्याला चारा आणा. सकाळी तितरं उठवायला हाका घाला. पाखरं कुठं दबलीत ते दाखवायला पारधी धरून आणलेला असायचा. पारधी वाट दाखवायचा, महार काट्यातनं हाकारे घालत पळायचे, साहेब बार टाकायचा, कुत्रं पाखरू आणायचं. संध्याकाळी कुत्र्याला मटण मिळायचं. पारध्याला आणि महाराला, साहेब खुशीत असला तर, आणा-दोन आणे. आणि त्याच रात्री पाटलाच्या हुकमानं तोच महार पारध्याच्या पालावर पहाऱ्याला. चोरी झाली तर जाब महाराला. गावगाड्यानं आपल्याला एकमेकांवर असं बांधून ठेवलं होतं. वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं, पण पहारा काही जणांच्या डोक्यातून अजून उठलेला नाही.

मागच्या महिन्यात आपल्या बैठकीत तो दिसला. पुलाखाली गजरे विकणारी पारधीण आली होती. नवरा गावी गेला, सहा तितरांसकट पकडला, दोन आठवडे आत आहे. जामिनाला माणूस पाहिजे, वकील पाहिजे. आपला एक कार्यकर्ता, एम.ए. झालेला, म्हणाला, ‘पारधी म्हणजे चोरच, आपण कशाला नाव खराब करून घ्यायचं?’ बाई दारात उभी होती, तिला ऐकू गेलं. या साथीला मी एवढंच विचारतो, १९४८ साली ‘अस्पृश्य मूळचे कोण’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी गुन्हेगार जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य हे तिन्ही एका ओळीत का मांडले? हिंदू संस्कृतीचं हे फळ आहे म्हणून तिला जाब विचारताना त्यांनी चोरांची ओळ वेगळी का काढली नाही? आणि १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित म्हणजे कोण, तर अनुसूचित जाती आणि जमाती. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहे. जाहीरनामा भिंतीवर लावायचा आणि जमात दारात ठेवायची?

दुसऱ्या साथीचा मुद्दा जास्त वजनाचा होता. बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढू नका म्हणाले, आपण सोडलं. उपाशी राहिलो, पण सोडलं. मग यांनी फासा का सोडू नये?

सोडावा. मीही म्हणतो सोडावा. पण आपण ढोरं सोडली तेव्हा पाय टेकायला काय होतं ते आठवा. गोदी होती, रेल्वेचे कारखाने होते, पलटण होती, गिरणी होती. गिरणीत विणकामखात्यात आपल्याला घेत नव्हते, धागा तोंडानं ओढावा लागतो म्हणून. तरी बाकीची खाती होती. घोडपदेव, माझगाव, भायखळा, ही सगळी वस्ती त्या पाय टेकण्यावर उभी राहिली. वर बाबासाहेब होते, शाळा होती, वसतिगृह होतं. पारध्यानं फासा टाकून मुंबईला यावं तर गिरण्यांचे टॉवर झालेत, गोदीत माणसं नकोत, आणि सिग्नलवर उभा राहिला तरी पोलीस उचलतो. १९५२ ला गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला, १९५९ ला मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा आला. रेणके आयोगानं २००८ ला अहवाल दिला, इदाते आयोगानं २०१८ ला दिला. तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढा, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला २०२४ उजाडावं लागलं. ज्यांनी काही केलं असे किती? कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली हजेरी बंद केली, फासेपारध्यांना कामं दिली. ते स्वतः चित्ते बाळगून शिकार करणारे, म्हणून असेल, त्यांना शिकाऱ्याच्या अंगातला गुण दिसला.

आपल्यातले काही कवी पारध्याच्या फाशावर, रानावर, स्वातंत्र्यावर लिहायला लागलेत. त्यांनाही सांगतो, पोटासाठी लावलेला फासा म्हणजे स्वातंत्र्य नाही. तुमच्या पोराला कॉन्व्हेंट आणि त्याच्या पोराला रान, ही कविता मला नको.

आणि पक्षीमित्रांना. माळढोकासाठी १९७९ ला सोलापूरकडं नान्नजचं अभयारण्य झालं. आज तिथं माळढोक जवळजवळ उरला नाही. तो पारध्यानं खाऊन संपवला काय? माळ नांगरले, ऊस आला, कारखाने आले, विजेच्या तारा आल्या, फवारे आले. तितराचा बांध जेसीबीनं खरवडला त्याला किती वर्षं कैद झाली? वाशीम-अकोल्याकडं फासेपारध्यांना सोबत घेऊन तणमोर राखायचं काम झालंय. पाखराची शीळ ज्याला येते त्याला राखणदाराचा पगार द्या, पोराला शाळा द्या, गायरानातला तुकडा नावावर करा. १९५९ ला आणि १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात आपली माणसं जमिनीसाठीच तुरुंगात गेली होती. त्या मागणीत पारध्याचं नाव घालायला नवा ठराव लागत नाही.

रविवारी सकाळी दहाला विहारात परत बैठक आहे. वकिलाची फी आणि दोन माणसांचं सोलापूरचं जाण्यायेण्याचं भाडं जमवायचंय, डबा दाराशी ठेवलाय. दुसरं काम दाखल्याचं. तिच्या पोराला शाळेत सवलतीसाठी जातीचा दाखला पाहिजे, आणि जमातीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. पालावरच्या माणसाकडं कुठला कागद? सेटलमेंटच्या किंवा हजेरीच्या रजिस्टरात आज्याचं नाव सापडलं तर तोच पुरावा धरायचा. सोलापूर भागातलं जुनं दप्तर धुंडाळायची ज्याला सवय आहे, त्यानं शनिवारी संध्याकाळपर्यंत माझ्याकडं नाव द्यावं.