‘ऑल्दो’नंतर ‘बट’ का चालत नाही? स्पर्धा परीक्षेतलं इंग्रजी आणि खानदेशातले उमेदवार

‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट ही वेंट टू स्कूल.’ या वाक्यात चूक कुठे आहे?

जळगाव-धुळ्यातल्या अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या अनेकांना याचं उत्तर पाठ असतं: ‘बट’ काढायचा. पण का काढायचा, हे फारसं कुणी सांगत नाही. परीक्षेत वाक्याचा साचा थोडा बदलला की पाठ केलेला नियम तिथेच अडतो.

एवढं महत्त्व कशाला?

२०२३ च्या तलाठी भरतीत सुमारे साडेचार हजार जागा होत्या आणि अर्ज आले १० लाखांहून अधिक. १०० प्रश्नांपैकी २५ इंग्रजीचे, म्हणजे २०० पैकी ५० गुण. एसएससीच्या सीजीएल परीक्षेतही पहिल्या टप्प्यात १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे असतात. तिथे बरोबर उत्तराला दोन गुण आणि चुकलं तर अर्धा गुण वजा. तलाठी भरतीत निदान गुण कापले जात नव्हते.

राज्यसेवेत मात्र चित्र उलटं झालंय. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि इंग्रजीचा ३०० गुणांचा पेपर फक्त पात्रतेपुरता राहिला. त्यात २५ टक्के, म्हणजे ७५ गुण पुरेसे. निबंध, सारांश लिहायचा असल्याने तो पेपर सोपा आहे असं नाही. तरी उपजिल्हाधिकारी होऊ पाहणाऱ्याचं इंग्रजी गुणवत्ता यादीत धरलं जात नाही आणि तलाठी होऊ पाहणाऱ्याचा एकेक प्रश्न धरला जातो, हे जरा विचित्रच आहे.

चुका नेमक्या कुठून येतात?

बऱ्याचशा चुका मराठीतून येतात, आणि त्या मराठीच्या हिशेबाने अगदी बरोबर असतात. मराठीत ‘जरी’ आला की ‘तरी’ येतो. ‘जरी पाऊस पडत होता, तरी तो शाळेत गेला.’ दोन वाक्यं जोडायला आपण दोन्हीकडे खुंटी ठोकतो. इंग्रजीत एकच खुंटी लागते. ‘ऑल्दो’ घेतला तर ‘बट’ नको, ‘बट’ घेतला तर ‘ऑल्दो’ नको. हे एकदा कळलं की ‘बिकॉज’सोबत ‘सो’ का चालत नाही, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

कर्ता-क्रियापदाचा घोळ याहून खोल आहे. ‘राहुलने पुस्तक वाचलं’, ‘राहुलने कविता वाचली’. वाचणारा तोच, पण क्रियापद बदललं, कारण इथे ते कर्माच्या मागे जातं. इंग्रजी क्रियापद कर्माकडे बघतसुद्धा नाही. त्यात शब्दांचा क्रमही उलटा. ‘उमेदवारांची यादी जाहीर झाली’ यात ‘यादी’ क्रियापदाच्या बाजूला आहे, त्यामुळे चूक होत नाही. इंग्रजीत ‘द लिस्ट ऑफ कँडिडेट्स’ म्हणताना क्रियापदाशेजारी ‘कँडिडेट्स’ येऊन बसतो आणि हात ‘हॅव’कडे जातो. बरोबर आहे ‘हॅज’, कारण जाहीर झाली ती यादी. प्रश्न काढणाऱ्यांची ही आवडती जागा आहे. ‘ऑफ’पासून पुढचा भाग बोटाने झाकून वाक्य वाचलं तर बहुतेक वेळा उत्तर समोर दिसतं.

अहिराणीचं काय?

२०११ च्या जनगणनेत खानदेशी या नोंदीखाली १८ लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा मोजली गेली. त्यात मोठा वाटा अहिराणीचा. धुळे, साक्री, अमळनेर, चाळीसगाव या पट्ट्यातल्या अनेक मुलांसाठी प्रमाण मराठी हीच शाळेत भेटलेली दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० मध्ये. तेव्हापासून ते शिकवलं गेलं मराठीचा आधार घेऊन, अहिराणीचा नाही.

खरं तर तो आधार घेता येतो. अहिराणीत ‘मी जास’, ‘तू जास’, ‘तो जास’ आणि अनेकवचनात ‘जातस’. एकवचन-अनेकवचन क्रियापदावर लगेच दिसतं, ‘जातो-जाते’सारखा लिंगभेद नाही. इंग्रजीतही ‘ही गोज’ आणि ‘शी गोज’ सारखंच. फरक एवढाच, की अहिराणीतला ‘स’ तिन्ही पुरुषांना लागतो आणि इंग्रजीतला फक्त तृतीयपुरुषी एकवचनाला. ‘मी जास’ म्हणणाऱ्या मुलाला हे दोन मिनिटांत सांगता येईल. त्याऐवजी त्याच्या हातात शंभर नियमांची झेरॉक्स पडते.

सर्वाधिक चुकणारं एक वाक्य

‘मी तीन वर्षांपासून अभ्यास करतोय.’ हे वाक्य या अभ्यासिकांमध्ये कुणीही स्वतःबद्दल म्हणेल. त्याचं इंग्रजी बहुतेक वेळा होतं ‘आय ॲम स्टडिंग सिन्स थ्री इयर्स’. मराठीत ‘२०२२ पासून’ आणि ‘तीन वर्षांपासून’ दोन्हीकडे ‘पासून’ एकच. इंग्रजी सुरुवातीच्या क्षणाला ‘सिन्स’ म्हणतं आणि सरलेल्या काळाला ‘फॉर’. शिवाय ‘करतोय’ हा आपला चालू (अपूर्ण) वर्तमानकाळ, पण काम मागे कधीतरी सुरू होऊन अजून चालू असेल तर इंग्रजीला ‘हॅव बीन’ लागतं. म्हणून बरोबर वाक्य: ‘आय हॅव बीन स्टडिंग फॉर थ्री इयर्स.’