दांडीवरचे लंगोट

घरात तान्हं बाळ आहे हे पावसाळ्यात वेगळं सांगावं लागत नाही. दांडीवर लंगोट, खुर्चीच्या पाठीवर लंगोट, पंख्याखाली पसरलेली दुपटी. नात आल्यापासून आमचं घर असंच आहे, आणि तरीही मी लंगोटाच्याच बाजूची आहे. लंगोट ओला झाला की लगेच कळतं. पहिल्या आठवड्यानंतर बाळाला दिवसभरात निदान सहा वेळा शू झाली तर दूध पुरतंय, असं डॉक्टर सांगतात. हा हिशोब लंगोटात आपोआप राहतो.

मात्र कापड वापरलं म्हणजे बाळ सुखात, असं नव्हे. बाजारातल्या कापडी डायपरचा बाहेरचा थर पाणी झिरपू देत नाही. अंथरूण वाचतं, पण ओल आत कोंडते आणि तसंच राहू दिलं की जांघेत लाली उठते. दिवसा दोन-तीन तासांनी बदलायचाच; शी झाली तर त्याच क्षणी. मधूनमधून बाळाला नुसतं दुपट्यावर उघडं लोळू द्यावं. आतली घडी मायक्रोफायबरची असेल तर ती थेट अंगाला लागू देऊ नका, त्वचेचा ओलावाही ती ओढून घेते. जुन्या सुती साडीची घडी इथे सरस. नवंकोरं सुती कापड मात्र खळ निघेपर्यंत धुवून घ्यावं लागतं, नाहीतर ते पाणी धरतच नाही.

खरी गोम धुण्यात आहे. शी आधी संडासात टाकायची, मग गार पाणी, मग साबण आणि गरम पाणी, आणि शेवटी फेस पुरता जाईपर्यंत खळबळणं. सुवासासाठी कंडिशनर घालू नका. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि कापड शोषेनासं होतं. धुतलेला लंगोट ओला होताच नाकात झोंबणारा वास आला, तर तो नीट धुतला गेलेला नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीचे पिवळे डाग घासत बसायचं कारण नाही, ते उन्हात विरतात.

आणि ऊनच नसेल तर? शेगडीवर धूप-ओवा टाकून कपडे शेकायची आपली जुनी रीत मला मनापासून आवडते, पण तो धूर बाळाच्या छातीला चांगला नाही. त्यापेक्षा इस्त्री बरी. कापड वरून कोरडं लागलं तरी शिवण आणि नाडीची गाठ दमट असते, तिथे बोटांनी चाचपून बघा. म्हणूनच पावसाळ्यात जाड शिवलेल्या गाद्यांपेक्षा एकेरी मोठे चौकोन घ्यावेत. घडी घातली की जाड होतात, उलगडले की पातळ, आणि पंख्याखालीसुद्धा वाळतात.

रात्रीला, प्रवासाला कुणी डायपर वापरला तर मी नावं ठेवणार नाही. तो कागदात गुंडाळून, खूण करून वेगळा द्यावा, एवढंच. कचरा निवडणारे हात माणसाचेच असतात.

बाळाच्या बाबांना आणि आजोबांना मात्र एक विनंती आहे. लंगोटाची बादली बाळंतिणीच्या हातात देऊ नका. ती तुम्ही उचला, धुवा आणि वाळत घाला.