मुखत्यारी यंत्राची, मान्यता धन्याची

खुलताबादचे जुने नाव रौझा. औरंगजेब (मृत्यू १७०७) आणि पहिला निजाम आसफजाह (मृत्यू १७४८) या दोघांच्या कबरी येथे आहेत. त्यांच्या काळी इनाम किंवा वतन शिक्क्याच्या सनदेने मिळे. परंतु राज्यकर्ता बदलला की सनदेस नवी मान्यता मिळवावी लागे. दरसाल नव्या पत्राची मागणी करू नये, अशा आशयाचे कलम जुन्या मराठी सनदांत आढळते, ते याच धास्तीपोटी. दिलेला अधिकार कधी संपतो आणि तो पुन्हा कोणी द्यावयाचा, हा प्रश्न असा पुरातन आहे. आज तो मोबाईलच्या पडद्यावर नव्याने उभा राहिला आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे ‘एजंट’ आता केवळ प्रश्नांची उत्तरे देत नाहीत. ते धन्याच्या वतीने कामेही करू लागले आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, रेझरपे आणि ओपनएआय यांनी चॅटजीपीटीमधूनच यूपीआयद्वारे खरेदी करण्याचा प्रायोगिक उपक्रम जाहीर केला. अशा व्यवस्थेत एजंटास खात्याचा पासवर्ड देणे योग्य नव्हे. त्याऐवजी ‘टोकन’ नावाचा, मर्यादित कामापुरता आणि ठरावीक मुदतीचा परवाना दिला जातो. मुदत सरली अथवा परवाना रद्द झाला की खातेदाराची पुन्हा मान्यता घ्यावी लागते. हे काम करणाऱ्या साधनासोबत जे माहितीपत्रक असते, त्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

समजा, खुलताबादच्या बाजारपेठेतील एका किराणा दुकानदाराने घाऊक व्यापाऱ्यांची बिले भागवण्याचे काम एजंटाकडे सोपवले आहे. शनिवार असल्याने भद्रा मारुतीच्या दर्शनार्थींची गर्दी आहे. तेवढ्यात पडद्यावर एक ओळ उमटते : ‘प्रवेश अमान्य. पुन्हा अधिकृत करा.’ कोणी मागितले, कशासाठी, किती रकमेपर्यंत, याचा काहीच उल्लेख नाही. दुकानदार घाईत ‘होय’ दाबतो, किंवा इंटरनेटवर सापडलेल्या ‘मदत क्रमांका’वर फोन करतो. पलीकडचा मनुष्य गोड बोलून ओटीपी विचारतो. संदेश जितका संदिग्ध, तितके ठकाचे काम सोपे.

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम १८२ मधील एजंट ही ‘व्यक्ती’ आहे. यंत्राचा विचार त्या काळी कोणी केलेला नव्हता. तरीही त्यातील विवेक आजही उपयोगी पडतो. कलम २०१ प्रमाणे धन्याने अधिकार काढून घेतला, काम पूर्ण झाले किंवा धनी मरण पावला की मुखत्यारी संपते. कलम २०८ प्रमाणे ही समाप्ती एजंटापुरती त्यास कळल्यावर आणि त्रयस्थांपुरती त्यांस कळल्यावर लागू होते. म्हणूनच मोबाईलमधून ॲप काढून टाकले म्हणजे परवाना रद्द झाला, असे मानणे धोक्याचे आहे. रद्द केल्याची नोंद बँकेपर्यंत पोहोचली पाहिजे.

आपल्याकडील नियमांतही याच विचाराचे धागे दिसतात. रिझर्व्ह बँकेच्या अकाउंट ॲग्रीगेटर निर्देशांनुसार संमतीपत्रात माहिती मागण्याचा हेतू, ती कोणास मिळणार आणि संमतीची समाप्ती केव्हा, हे नमूद असावे लागते. २०१९ च्या ई-मँडेट परिपत्रकाने आवर्ती वसुलीपूर्वी किमान २४ तास आधी सूचना देणे बंधनकारक केले. २०२४ मध्ये आलेल्या यूपीआय सर्कलमध्ये कुटुंबीयास पूर्ण अधिकार दिला, तरी एका व्यवहारास ₹५,००० आणि महिन्यास ₹१५,००० ही मर्यादा राहते. पोटच्या मुलास जर मर्यादा आहे, तर यंत्रास ती नसावी काय?

यावरून उत्तम माहितीपत्रकाची कसोटी ठरते. परवाना कोणत्या खात्याचा, कोणत्या कामाचा, किती रकमेचा आणि किती दिवसांचा, हे पहिल्याच परिच्छेदात असावे. मागील वेळेपेक्षा या वेळी काय अधिक मागितले आहे, हे ठळकपणे सांगावे. अन्यथा वारंवार ‘होय’ दाबण्याची सवय जडते आणि संमती निरर्थक होते. मान्यता बँकेच्या स्वतःच्या पानावरच द्यावी, एजंटाशी चालू असलेल्या संभाषणात पिन वा ओटीपी कधीही लिहू नये, हे स्पष्ट बजावावे. मुदत संपल्यावर एजंटाने थांबावे, अपूर्ण कामाची यादी द्यावी, पर्यायी वाट शोधू नये. परवाना रद्द कसा करावा, हेही तितक्याच सोप्या शब्दांत असावे. आणि हे सर्व मराठीत असावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीची विनंती आठव्या अनुसूचीतील भाषांत उपलब्ध करण्याची तरतूद आहे, आणि मराठी त्यांपैकी एक आहे.

व्यापारी घराण्यांत मुनीमजींवर पूर्ण विश्वास असे. तरी तिजोरीची किल्ली आणि वर्षाचा ताळेबंद शेठजी स्वतः पाहत. त्यात अविश्वास नव्हता, व्यवहाराची शिस्त होती. दिवाळीत वहीपूजनास बसण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कोणाकोणास कोणता परवाना दिला आहे, याची एक यादी करावी. ज्याचे कारण आठवत नाही, तो परवाना त्याच दिवशी रद्द करावा.