टाकीतला गंज आणि वरचा मुलामा

परवा शीळफाट्याच्या एका गॅरेजमध्ये स्कूटरची टाकी घेऊन गेलो होतो. तिथल्या पोराने टाकीत टॉर्च मारला आणि म्हणाला, "काका, ॲसिड टाकून अर्ध्या तासात चकाचक करतो. मग आतून कोटिंग. पाच वर्षं बघायला नको!"

मी टाकी उचलली आणि घरी आलो. कारण हेच वाक्य मी २००९ साली एकदा ऐकलं होतं, आणि मान डोलावली होती.

ज्या शीळफाट्याला बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा येऊन जमिनीबाहेर निघणार, तिथे बसून हा म्हातारा १९८८ सालच्या चेतकच्या टाकीवर निबंध लिहितोय. हसा खुशाल! पण आमच्या नातेवाइकांना या स्कूटरची गोष्ट अर्धीच माहीत आहे. उरलेली अर्धी आज सांगून टाकतो.

२००९ मध्ये टाकीत थोडा गंज दिसला. आतून नीट साफ करायचं तर स्कूटर आठवडाभर उभी राहणार, आणि मला रोज शाळा. म्हणून गंजावरच कोटिंग मारून घेतलं. आत कसं गुळगुळीत दिसायला लागलं! पण गंज म्हणजे काही नुसता डाग नव्हे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो. फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात. त्यावर दिलेला थर लोखंडाला चिकटलेलाच नसतो, तो चिकटलेला असतो गंजाला. गंज सुटला की थरही सुटला.

२०११ च्या जुलैमध्ये तो सुटला. भर पावसात, शीळफाट्याच्या चौकात, कंटेनरच्या रांगेत. पेट्रोलच्या कॉकवर कोटिंगचा पापुद्रा बसला आणि गाडी मधोमध बंद. मागे आमची ही बसलेली. मागच्या ट्रकने ब्रेक मारला म्हणून वाचलो, पण घाईत उतरताना ती पडली आणि तिचा गुडघा फुटला. मी सगळ्यांना सांगितलं की पेट्रोलमध्ये पाणी होतं. तिलाही तेच सांगितलं. ती त्यानंतर स्कूटरवर कधी बसली नाही, आणि मीही गाडी पार्किंगमध्ये लावून टाकली. पाणी वगैरे काही नव्हतं. कॉक उघडला तेव्हाच तो पापुद्रा माझ्या हातात आला होता. आता ती नाही, म्हणून निदान तुम्हाला तरी खरं सांगतो.

असो.

आता नातीला ती स्कूटर चालवायची आहे. म्हटलं, या वेळी काम तळापासून करू. आधी टाकी रिकामी करून उघड्या गच्चीत ठेवली. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोक्याची, हे लक्षात ठेवा. पेट्रोल संपतं, वाफ राहते. तिच्याजवळ विडीकाडी नाही, ग्राइंडर नाही, वेल्डिंग तर मुळीच नाही.

मग जुनं कोटिंग. ते जाईपर्यंत गंजाला हात घालण्यात अर्थ नाही, कारण थराखाली औषध पोचतच नाही. सुटलेले तुकडे चिमट्याने ओढले, उरलेलं पेंट रिमूव्हरने मऊ करून काढलं. हातमोजे, चष्मा आणि वारा, तिन्ही हवेत. तीन दिवस गेले. निघालेला गाळ झाकणाच्या डब्यात ठेवलाय. गटारात ओतला नाही, कारण गटार नाल्याला मिळतं आणि नाला खाडीला.

गंजासाठी ते बाथरूम धुण्याचं ॲसिड मी घेतलं नाही. ते गंज खातं तसं चांगलं लोखंडही खातं, आणि जुन्या पत्र्याला भोक पाडायला त्याला वेळ लागत नाही. मी घेतलं सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं ढोकळ्यातलं लिंबूफूल. लिटरभर कोमट पाण्याला साधारण १०० ग्रॅम, एक दिवसभर. झाकण घट्ट लावायचं नाही, आत वायू होतो. खरवडायला तीस नट टाकले आणि टाकी हलवत बसलो. बाहेर काढताना एकोणतीस! पस्तीस वर्षं हजेरी घेतलेला माणूस मी, विसावा घेणं शक्यच नव्हतं. तिसावा संध्याकाळी कोपऱ्यात सापडला. मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, पुन्हा साधं पाणी, आणि लगेच वाळवणं. ओला उघडा पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो. म्हणून वाळल्याबरोबर आत थोडं टू-स्ट्रोक ऑइल फिरवलं.

आता माझं मत. पत्रा शाबूत असेल तर कोटिंग मारूच नये. बारीक भोकं पडली असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर जरूर मारा. पण एरवी कोटिंगचा मुख्य उपयोग एवढाच, की आत काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. २०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जुने थर आणि जुनी रबरी नळी दोन्ही त्याच्यासमोर टिकतील याचा भरवसा नाही. नळी मी बदलली. महिनोन्महिने गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी पूर्ण कोरडी करून आत तेल फिरवा. अर्धी भरून विसरू नका, कारण वरच्या मोकळ्या जागेत दमट हवा असते आणि गंज तिथूनच सुरू होतो. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे गाडी चालवा. दर आठवड्याला झाकण उघडणारा मालक मिळाला की टाकीला दुसरं काही लागत नाही.

त्या पोराला मी दोष देत नाही. अर्ध्या तासाची घाई त्याची नसते, गिऱ्हाइकाची असते. २००९ साली ती माझी होती.

टाकी बसवली आहे. टॉर्च मारला की तळाशी करडा पत्रा दिसतो, एका बाजूला गंजाने पडलेले खळगे आहेत. ते तसेच राहू दिलेत. आरटीओची कागदपत्रं झाली की पहिली फेरी नात मारणार. मागे मी बसणार आहे.