वर्गणी आणि गटार

न्यूयॉर्कच्या पूर्व ब्रुकलिन भागात १९८०च्या सुमारास पडक्या इमारती नि ओसाड जागा पसरल्या होत्या. तेथील कॅथलिक, लुथरन, बॅप्टिस्ट मंडळ्या एकत्र आल्या. चर्चसंस्थांनी बिनव्याजी कर्ज दिले. महापालिकेला जमीन देणे भाग पाडले. सामान्य पगारदारांसाठी घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. जेरुसलेमचा तट पुन्हा बांधणाऱ्या नहेम्याचे नाव योजनेला दिले.

आमच्या गल्लीत देऊळ, मशीद, विहार तिन्ही आहेत. वर्गणी तिन्हीकडे जमते. देवळाच्या पावत्या मीच फाडतो! गटार मात्र एकच, तेही उघडे. ‘ते नगरपालिकेचे काम,’ असे वडीलधारे म्हणतात. कबूल! पण ब्रुकलिनकरांनी पालिकेला मोकळे सोडले नाही. आमचे तिघे एका अर्जावर सही करतील काय? रविवारी गणपतीची सभा आहे. अर्ज मी लिहून ठेवला आहे.