भाषा फुकट, राबणारे मोजके

पायथन ही संगणकाची भाषा आज हिंजवडीतल्या कंपन्यांपासून तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयांपर्यंत सगळीकडे चालते. बँकांचे अहवाल तिच्यात तयार होतात, हवामानाची आकडेमोड तिच्यात होते, कृत्रिम बुद्धिमत्तेचा सध्याचा बराचसा गाजावाजा तिच्याच जोरावर चालला आहे. सीबीएसईची अकरावी-बारावीची मुलं संगणकशास्त्राच्या तासाला तीच शिकतात. माझं स्वतःचं घर गेली कित्येक वर्षं तिच्यावर चालतं. आणि या भाषेसाठी मी, माझी कंपनी किंवा आमचे ग्राहक, कुणीच कुणाला एक रुपयाही देत नाही. ती फुकट आहे, कायद्यानेच फुकट आहे. प्रश्न एवढाच, की ती नीट चालावी म्हणून जे राबतात त्यांच्यात आपण का दिसत नाही?

गिडो व्हॅन रॉसम या डच प्रोग्रामरने १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत ॲमस्टरडॅममध्ये ही भाषा लिहायला घेतली आणि १९९१ च्या फेब्रुवारीत ती लोकांसमोर ठेवली. पहिली बांधणी एका माणसाने केली, पण त्यानंतरच्या तीन दशकांची डागडुजी अनेकांनी केली. भाषेच्या मूळ कोडमध्ये बदल स्वीकारण्याचा अधिकार असलेले सक्रिय लोक आज शंभराच्या आसपास असतील. बहुतेकांची पोटापाण्याची नोकरी दुसरीच आहे. हे काम ते रात्री, सुट्टीच्या दिवशी, पोरं झोपल्यावर करतात.

हे काम म्हणजे नव्या कल्पना लढवणं, असा बाहेरून समज असतो. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग तक्रारी निस्तरण्याचा. कुणीतरी कळवतं की माझ्या मशीनवर प्रोग्राम कोसळतो. मग तो आपल्याकडेही कोसळतो का ते पाहायचं. दोष भाषेचा की लिहिणाऱ्याचा, ते ठरवायचं. दुरुस्ती सुचवली गेली, तर ती विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे तपासायची, तिच्या टेस्ट लिहून घ्यायच्या, दुसऱ्याचा कोड ओळ न् ओळ वाचायचा. नवी आवृत्ती दर वर्षी ऑक्टोबरात येते आणि प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षं सांभाळायचं असतं. म्हणजे आज केलेली दुरुस्ती मागच्या आवृत्त्यांतही नेऊन बसवायची. यातलं काहीच बातमीत येत नाही.

एक उदाहरण सांगते. कंसाचं तोंड बंद करायला विसरलं, की जुनं पायथन बहुतेक वेळा पुढच्याच ओळीकडे बोट दाखवून ‘लिहिण्यात चूक’ एवढंच म्हणायचं. आमच्याकडे नव्याने रुजू झालेली मुलं त्या निर्दोष ओळीकडे तासन्‌तास बघत बसायची. २०२१ च्या ३.१० आवृत्तीपासून पायथन स्पष्ट सांगतं, की अमुक ओळीवर उघडलेला कंस बंदच झाला नाही. पाब्लो गालिंदो साल्गादो आणि त्यांच्या सोबत्यांनी चुकांचे असे निरोप एकेक करून सुधारले. जगभर नव्याने प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांचे किती तास त्यामुळे वाचले असतील! आभार मानायला कुणी गेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

उलट शिव्या मात्र वेळेवर मिळतात. २०१८ मध्ये ‘:=’ हे एक नवं चिन्ह भाषेत घ्यावं की नाही, यावरून इतकं रान उठलं, की निर्णय झाल्यावर त्याच जुलैत खुद्द व्हॅन रॉसम प्रमुखपदावरून बाजूला झाले. इतकं भांडून वर लोकांचा राग ओढवून घ्यायचा, याला ते कंटाळले होते. त्यांनी वारसही नेमला नाही. तुमचं तुम्ही ठरवा म्हणाले. मग मूळ कोडमध्ये बदल स्वीकारण्याचा अधिकार असलेल्यांनी कारभाराचे वेगवेगळे आराखडे मांडून मतदान केलं आणि २०१९ च्या सुरुवातीला पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ कामाला लागलं. एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक त्यात बसू शकत नाहीत. आपल्या कितीतरी संस्थांनी उचलावा असा हा नियम आहे.

आता थेट मराठीशी संबंध असलेली गोष्ट. पायथन २ ला ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली, तर ती साधारणपणे १५ सांगे, कारण ती अक्षरं न मोजता बाइट मोजत असे. २००८ च्या पायथन ३ ने हे मुळापासून बदललं. आता उत्तर ५ येतं: तीन व्यंजनं आणि दोन मात्रा. देवनागरीत लिहिलेला १२३ हा आकडा वाचायला दिला, तर तोही बिनतक्रार संख्या म्हणून वाचला जातो. या बदलासाठी जगाने बरीच कुरकुर केली. जुन्या आवृत्तीला २०१५ मध्ये निरोप द्यायचा होता, तो २०२० वर गेला, आणि तोवर स्वयंसेवक दोन्ही आवृत्त्या ओढत राहिले. मराठी मजकुरावर काम करणाऱ्या प्रत्येकाने त्या वर्षांचं ऋण मानायला हवं.

पण काम तिथेच थांबलं. मजकुरातून शब्द वेगळे काढण्यासाठी पायथनमध्ये एक खूण वापरतात. ‘शब्दात येऊ शकणारं कोणतंही अक्षर’ असा तिचा अर्थ. ती खूण काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त यांना अक्षर मानत नाही. त्यामुळे ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे होतात. ‘विद्यार्थी’ची तर पाच सुटी व्यंजनं होऊन बसतात. ही उणीव २००७ पासून नोंदलेली आहे आणि भाषेच्या मूळ संचात ती आजही तशीच आहे. बाहेरची एक लायब्ररी घेतली की अडचण सुटते, म्हणून जाणकार ती घेतात आणि पुढे जातात. मूळ दुरुस्ती अवघडही आहे: खुणेचा अर्थ बदलला की तिच्यावर विसंबलेले जुने प्रोग्राम वेगळे वागू लागतील. त्यासाठी चर्चा, टेस्ट, वेगाची मोजणी, टप्प्याटप्प्याने बदल, असं महिनोन्‌महिन्यांचं काम आहे. ज्याची लिपी मोडत नाही त्याने ते का अंगावर घ्यावं? ज्यांची मोडते त्यांची संख्या कोट्यवधींत, आणि त्यांच्यात पायथन जाणणारे लाखोंनी असतील.

आमचं मूळ गाव साक्री तालुक्यातलं, पांझरेकाठचं. तिथे फड पद्धत होती. बंधाऱ्याचं पाणी पाटाने सगळ्यांच्या शेतात जायचं, आणि पाट साफ करायला ज्याचं शेत भिजतं त्या प्रत्येक घरचा माणूस यायचा. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांचा मोबदला शेतकरीच द्यायचे. पायथनलाही असा एक पाटकरी मिळाला. भाषेचा आर्थिक कारभार पाहणाऱ्या पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनने २०२१ मध्ये गूगलच्या पैशातून वूकाश लांगा यांना पूर्णवेळ नेमलं. तुंबलेल्या दुरुस्त्या वाचून मार्गी लावणं, हे त्यांचं काम. पण पाटकरी नेमला म्हणून घरटी माणूस यायचा थांबत नसे. आपण मात्र पाणी घेतो आणि पाटाकडे ढुंकून पाहत नाही.

मोठ्या कंपन्या बघून घेतील, असं आमच्या धंद्यातले लोक म्हणतात. मायक्रोसॉफ्टने काही वर्षं एक चमू पोसला आणि २०२२ ची ३.११ आवृत्ती आधीच्यापेक्षा सरासरी सव्वापट वेगवान झाली, हे खरं. पण २०२५ च्या मे महिन्यात कंपनीने नोकरकपात केली, तेव्हा त्या चमूतले अनुभवी लोकही घरी गेले. सरकारी पैशाचीही तीच तऱ्हा. त्याच वर्षी ऑक्टोबरात फाउंडेशनने अमेरिकी सरकारचं १५ लाख डॉलरचं अनुदान नाकारलं, कारण सर्वांना सामावून घेण्याचे आपले उपक्रम बंद करण्याची अट त्याला जोडलेली होती. अटीपुढे मान न तुकवण्याची ही हिंमत मला मोलाची वाटते. पण हिंमतीने तिजोरी भरत नाही. एका दात्यावर उभी असलेली गोष्ट त्या दात्याच्या मर्जीवरच असते. थोडंथोडं देणारे अनेक हवेत. आपल्याकडच्या झिरोधा या कंपनीने २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला, म्हणजे हे इथेही जमतं.

पैशाइतकंच, किंबहुना जास्त, कुशल माणसांचा वेळ हवा. आणि इथे आपला उत्साह कधी कधी उलटाच पडतो. २०२० च्या ऑक्टोबरात एका कंपनीने योजना चालवली: मुक्त सॉफ्टवेअरमध्ये चार बदल सुचवा आणि टी-शर्ट मिळवा. जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पूर आला. माहितीच्या फायलीत ‘फार छान प्रकल्प’ असं एखादं वाक्य घुसडायचं आणि मोकळं व्हायचं. हे कसं करायचं ते दाखवणाऱ्या गाजलेल्या व्हिडिओंपैकी एक भारतातलाच होता. ते सगळं वाचून नाकारण्याचं काम कुणाच्या डोक्यावर आलं? त्याच थकलेल्या स्वयंसेवकांच्या. मुलांना दोष देऊन मी थांबणार नाही. नोकरीच्या अर्जावर ‘योगदान’ दिसलं पाहिजे असं त्यांना आम्हीच सांगतो, आणि योगदान म्हणजे काय ते शिकवत नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. २०११ ची पायकॉन इंडिया परिषद भरवणाऱ्या पुण्याला त्या जड जाऊ नयेत. महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाला ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टम’चा शंभरावा अवतार करून घेण्याऐवजी चार मुलांच्या गटाला नोंदलेल्या दहा तक्रारी द्याव्यात. त्या खऱ्या आहेत का ते तपासून, पुन्हा घडवून दाखवून, नेमक्या शब्दांत लिहून काढणं हा प्रकल्प धरावा आणि शिक्षकांनी वाचल्याशिवाय त्यातलं काही बाहेर जाऊ नये. देवनागरीच्या खुणेचं काम कुणी एकट्याने उचलण्यासारखं नाही; मराठी, हिंदी, नेपाळी जाणणाऱ्यांनी मिळून आधी टेस्टचा पक्का संच बांधावा आणि मग बदलाचा प्रस्ताव घेऊन जावं. आणि कंपन्यांनी पायथनवर काम करणाऱ्या प्रत्येकाला महिन्याचा एक दिवस, पगारी, याच कामासाठी द्यावा.

‘यात कंपनीला काय मिळणार?’ हा प्रश्न येणारच. भाषेच्या पोटात शिरून दोष शोधणारा इंजिनिअर मिळेल. असा माणूस तयार करायला एरवी प्रशिक्षणावर किती खर्च होतो, ते आमच्या एचआरला विचारा. आज अप्रेझलच्या फॉर्मवर नवं काय बांधलं, किती तास बिल केले, हे विचारतात. दुसऱ्याचं काय दुरुस्त केलं, याला रकानाच नाही. तो घालायला बजेट लागत नाही. येत्या मार्चमध्ये माझ्या टीमच्या फॉर्मवर मी तो घालणार आहे, आणि वरून हरकत आली तर उत्तरादाखल हा लेख जोडून पाठवणार आहे.