२०२३ फ्लोरिडा स्टेट सेमिनोल्स फुटबॉल हंगाम

फ्लोरिडा स्टेट सेमिनोल्स हा अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याची राजधानी टॅलाहासी येथील फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ आहे. २०२३ च्या हंगामात या संघाने नियमित बारा सामने आणि अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचा (एसीसी) अंतिम सामना, असे तेराही सामने जिंकले. तरीही राष्ट्रीय विजेतेपदाच्या चार दावेदारांत त्याची निवड झाली नाही. बड्या पाच कॉन्फरन्सपैकी एकीचे विजेतेपद अपराजित राहून मिळवणारा संघ वगळला जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

पार्श्वभूमी

महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत १३० हून अधिक संघ असतात आणि प्रत्येक संघ नियमित हंगामात साधारणपणे बाराच सामने खेळतो. सर्वांची गाठ सर्वांशी पडणे अशक्य असल्याने गुणतक्त्यावरून विजेता ठरत नाही. २०१४ ते २०२३ या काळात तेरा सदस्यांची निवड समिती चार संघ निवडत असे व त्यांच्यात उपांत्य आणि अंतिम सामने होत. सामन्यांची काठीण्यपातळी, परस्परांतील निकाल, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी आणि कॉन्फरन्सचे विजेतेपद हे समितीचे मुख्य निकष होते. प्रमुख खेळाडूच्या अनुपस्थितीचा पुढील सामन्यांवर होऊ शकणारा परिणामही विचारात घेण्याची मुभा नियमांत होती. एरवी दुर्लक्षित राहणारे हे कलम २०२३ मध्ये निर्णायक ठरले.

हंगाम

प्रशिक्षक माइक नॉर्व्हेल यांचे हे चौथे वर्ष होते. पहिल्या दोन हंगामांत विजयांपेक्षा पराभव अधिक पाहिलेल्या या संघाने २०२२ मध्ये दहा सामने जिंकले होते. ३ सप्टेंबर २०२३ रोजी ऑर्लँडो येथे त्याने लुइझियाना स्टेटला ४५-२४ असे नमवले. २३ सप्टेंबरला क्लेमसनचा त्यांच्याच मैदानावर जादा वेळेत ३१-२४ असा पराभव केला आणि या प्रतिस्पर्ध्याविरुद्धची सलग सात पराभवांची मालिका संपवली.

१८ नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामाविरुद्धच्या सामन्यात क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस याच्या डाव्या पायाला गंभीर दुखापत झाली. आक्रमणाच्या जवळजवळ प्रत्येक डावपेचाची सूत्रे क्वार्टरबॅकच्या हाती असतात. त्यामुळे त्याची उणीव इतर कोणत्याही खेळाडूच्या उणिवेहून अधिक जाणवते. सामना ५८-१३ असा जिंकला गेला, परंतु ट्रॅव्हिसचा हंगाम संपला. पुढच्या आठवड्यात टेट रोडमेकरच्या नेतृत्वाखाली संघाने फ्लोरिडा विद्यापीठाला २४-१५ असे हरवले. त्या सामन्यात रोडमेकरच्या डोक्याला मार लागल्याने २ डिसेंबरच्या एसीसी अंतिम सामन्यात नवखा ब्रॉक ग्लेन उतरला. आक्रमण निष्प्रभ होते. तो सामना बचावफळीने जिंकून दिला. लुइव्हिलला एकही टचडाउन करता आला नाही आणि निकाल १६-६ असा लागला.

निवड समितीचा निर्णय

त्या आठवड्यापूर्वीच्या क्रमवारीत जॉर्जिया पहिल्या, मिशिगन दुसऱ्या, वॉशिंग्टन तिसऱ्या आणि फ्लोरिडा स्टेट चौथ्या स्थानी होते. टेक्सास सातव्या आणि अलाबामा आठव्या. २ डिसेंबरलाच अलाबामाने जॉर्जियाला २७-२४ असे हरवून साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे (एसईसी) विजेतेपद घेतले आणि जॉर्जियाची सलग २९ विजयांची मालिका खंडित केली. अलाबामाला वर आणायचे, तर सप्टेंबरमध्ये त्याच अलाबामाला ३४-२४ असे हरवणाऱ्या टेक्सासला त्याच्या खाली ठेवता येत नव्हते. उरलेल्या जागेसाठी एक पराभव पदरी असलेला अलाबामा आणि अपराजित फ्लोरिडा स्टेट यांत निवड करावी लागली. ३ डिसेंबरला मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास आणि अलाबामा ही चार नावे जाहीर झाली. चौथ्या क्रमांकावर असताना आपला सामना जिंकलेला संघ पाचव्या क्रमांकावर गेला.

ट्रॅव्हिसविना हा संघ पूर्वीसारखा राहिलेला नाही, असे समितीचे अध्यक्ष बू कॉरिगन यांनी स्पष्ट केले. नियमांच्या अक्षरापुरते पाहिल्यास हे समर्थन टिकते, कारण समितीला ‘सर्वोत्तम’ चार संघ निवडायचे होते. पण सर्वोत्तम कोण हे पुढच्या सामन्याच्या अंदाजावर ठरवायचे, तर झालेल्या सामन्यांचे मोल घटते. त्यातही ट्रॅव्हिसशिवाय संघ खरोखर दोन सामने खेळला होता आणि दोन्ही जिंकला होता. ते निकाल समितीच्या अंदाजापुढे कमी भरले. आपला पाय हंगामात आधीच मोडला असता तर हा संघ केवळ क्वार्टरबॅकवर उभा नाही हे लोकांना दिसले असते, अशा आशयाची खंत ट्रॅव्हिसने समाजमाध्यमावर व्यक्त केली. एसईसीचा एकही संघ नसलेली चौकडी त्यापूर्वी कधीच निवडली गेली नव्हती. त्यामुळे पक्षपाताचा आरोपही झाला. मात्र त्याला थेट पुरावा नाही.

ऑरेंज बाउल

३० डिसेंबरच्या ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटचा ६३-३ असा पराभव केला. बाउल सामन्यांच्या इतिहासातील हा सर्वांत मोठ्या फरकाचा विजय होय. समितीचा निर्णय योग्यच होता, याचा पुरावा म्हणून हा निकाल अनेकदा दिला जातो. परंतु व्यावसायिक निवडीची तयारी, दुखापती आणि अन्य विद्यापीठांत स्थलांतर या कारणांमुळे कीऑन कोलमन व जॅरेड व्हर्स यांच्यासह दोन डझनांहून अधिक खेळाडू त्या सामन्यात नव्हते. मैदानावर उतरलेला संघ आणि वगळला गेलेला संघ एकच मानता येत नाही. निवडलेला अलाबामा उपांत्य सामन्यात मिशिगनकडून जादा वेळेत २०-२७ असा हरला, यावरूनही काही सिद्ध होत नाही.

परिणाम

या वादाला आर्थिक बाजू होती. एसीसीचा दूरचित्रवाणी करार २०३६ पर्यंतचा असून सदस्य विद्यापीठांनी आपल्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क कॉन्फरन्सला दिलेले आहेत. एसईसी आणि बिग टेन यांचे उत्पन्न झपाट्याने वाढत असल्याने फ्लोरिडा स्टेटने ऑगस्ट २०२३ मध्येच बाहेर पडण्याचा विचार उघडपणे मांडला होता. २२ डिसेंबरला विद्यापीठाने एसीसीविरुद्ध दावा दाखल केला. बाहेर पडण्याचा एकूण भुर्दंड ५७ कोटी २० लाख डॉलर होतो, असे त्याचे म्हणणे होते. एसीसीने एक दिवस आधीच नॉर्थ कॅरोलायनात विद्यापीठाविरुद्ध दावा लावला होता. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली. त्यानुसार प्रेक्षकसंख्येला महत्त्व देणारी उत्पन्नवाटणी मान्य झाली आणि बाहेर पडण्याचे शुल्क टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले.

२०२४ पासून प्लेऑफमध्ये बारा संघ घेतले जाऊ लागले. हा विस्तार या वादापूर्वीच ठरलेला होता. त्या वर्षी फ्लोरिडा स्टेट डब्लिन येथील पहिलाच सामना जॉर्जिया टेककडून २१-२४ असा हरला आणि बारापैकी दोनच सामने जिंकू शकला.